पाण्याच्या तोफेमागचे रेडकरकाका

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी कसा झालो, ही गोष्ट छोटी आहे. वार्षिक सभेला मी पाऊण तास उशिरा पोचलो. तोवर कुणीतरी माझं नाव सुचवलं होतं, कुणीतरी अनुमोदन दिलं होतं, आणि "त्यांना चालेल का?" या प्रश्नाला दुसऱ्या मजल्यावरच्या शहांनी माझ्या वतीने "हो हो, चालेल की," असं सांगूनही टाकलं होतं. मी दारात चपला काढत असताना टाळ्या वाजल्या. मला वाटलं, सामोसे आले.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. तळमजल्यावरचे वामन रेडकर. ते खुर्चीतून उठले आणि मोठ्या आवाजात म्हणाले, "त्याचं उत्तर त्याने दिलेलं नाही. ही निवड धरू नका."

सगळे हसले. मीही हसलो. पुढे नऊ वर्षं सेक्रेटरी राहिलो. गळकी टाकी, बंद लिफ्ट, कुणाच्या कुत्र्याने कुणाच्या पायरीवर काय केलं, हे सगळं झेलून आता इतका दमलोय की कुणी नुसतं "साहेब, एक मिनिट," म्हटलं तरी गुडघे दुखतात. त्या सभेत माझ्या बाजूने बोलणारा तेवढा एकच माणूस होता, हे मला फार उशिरा कळलं.

काका तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. मूळ मालवणकडचे, वडील परळच्या गिरणीत. हे मात्र पोटासाठी पार उलट्या दिशेला गेले, बिहार-बंगालच्या वेशीवरच्या एका खाणीत. तिथे जमिनीखाली ते पाण्याने कोळसा कापत. हे वाक्य ते इतक्या सहज टाकत की ऐकणाऱ्याला वाटे, मधलं काहीतरी आपल्याच कानातून निसटलं. कोळसा सुरुंगाने फोडतात, यंत्राने कापतात, एवढं शाळेत वाचलेलं. पाण्याने? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "म्हणजे धुता?" असं विचारलं होतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं माझ्या सासऱ्यांनीही कधी पाहिलेलं नाही.

खाण सुटली होती, पण अंगातून गेली नव्हती. कुठल्याही दारातून आत जाताना ते आधी वरच्या चौकटीला तळहात लावत आणि मगच डोकं वाकवून शिरत. उंची जेमतेम साडेपाच फूट. आमच्या लिफ्टमध्येसुद्धा वाकून शिरत. पाण्याच्या गर्जनेत आयुष्य गेल्यामुळे ऐकू कमी यायचं. मग समोरच्याच्या ओठांकडे बघत आणि स्वतः असं बोलत की तिसऱ्या मजल्यावरच्या बायका खिडकीतून उत्तरं देत.

पाण्याने कोळसा कसा कापतात ते मला कळलं माझ्याच एका पराक्रमामुळे. कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ माजलं होतं. मजूर कशाला, म्हणून मी पाण्याच्या जोराचं धुण्याचं मशीन भाड्याने आणलं आणि लुंगी खोचून स्वतः उभा राहिलो. घोडा दाबला. पहिल्या फटक्यात शेवाळाऐवजी रंग निघाला. दुसऱ्यात नळी हातातून वळवळली आणि फाटकावरच्या बोर्डातली 'सहकारी' ही अक्षरं उडाली. तिसरा फटका शहांच्या गॅलरीत वाळत घातलेल्या पापडांना.

"कोणी दिली रे ह्याच्या हातात तोफ?" तळमजल्याच्या खिडकीतून आवाज आला.

काका बनियनवर बाहेर आले. माझ्या हातातली नळी काढून घेतली. पाय फाकवून, कोपर बरगडीला टेकवून उभे राहिले आणि झोत थेट भिंतीच्या तळाशी लावला. शेवाळ वरती, आणि हे खाली मारतायत!

"काका, घाण वर आहे."

"माहीत आहे. खालून पोखरायचं. वरचं आपल्या वजनाने येतं." आणि खरंच, खालची कड सुटली तशी वरची हिरवी साल लोळागोळा होऊन खाली सरकली. अर्ध्या तासात भिंत साफ. तेवढ्या वेळात त्यांनी जागा दोनदाच बदलली. भिंतीकडे तर बघतही नव्हते. नजर पायाशी, गटाराकडे वाहत जाणाऱ्या पाण्यावर.

"तिकडे काय बघताय?"

"रंग. पाणी परत येतं त्याचा रंग बघायचा."

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. कोळशाचा थर इतका तिरका की यंत्र उभं राहीना. म्हणून पाण्याची तोफ. लोखंडी नळकांडं, वर पंपघर, आणि झोत असा की समोर माणूस आला तर मधून आरपार. कोळसा तुटला की पाणीच त्याला पत्र्याच्या पन्हळीतून खाली वाहून न्यायचं; उचलायला माणूस नको, फक्त उतार नीट हवा. समोर तुषारांचं धुकं, काही दिसत नाही. तोफेवरच्या माणसाला कळतं ते पन्हळीतल्या पाण्यावरून. काळं आहे तोवर कोळसा. राखाडी झालं की दगड यायला लागला, म्हणजे छत सुटतंय. बंद करायचं.

"आणि नाही केलं तर?"

"तर माझ्याऐवजी दुसरा कोणीतरी तुझी भिंत धूत असता."

हे उताराचं वेड त्यांना मुलुंडातही होतं. बिल्डिंगमध्ये कुणाचंही बाथरूम नवं झालं की काकांना बोलवायचं. ते तांब्याभर पाणी कोपऱ्यात ओतत, गुडघ्यावर बसत आणि पाणी कुठे जातं ते बघत. जाळीकडे गेलं तर मिस्त्री पास. माझं बाथरूम मी माझ्या आतेभावाच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून स्वस्तात करून घेतलं होतं. काकांनी तांब्या ओतला. पाणी क्षणभर विचारात पडलं, आणि उंबरा ओलांडून रमतगमत हॉलमध्ये गेलं.

"सेक्रेटरी," काका उठताना गुडघ्याला हात लावत म्हणाले, "तुझा सगळा कोळसा सोफ्याखाली जमणार."

आजवर जमतोय.

पण सोसायटीत काका प्रसिद्ध होते ते त्यांच्या हजेरीसाठी. सभेच्या वहीत ते आपणहून सही करत नसत. नाव पुकारलं जाऊ द्यायचे, मग उभं राहून "हाजिर!" म्हणायचे आणि मग सही. शेजारच्यासाठी कुणी "आलाय, आलाय, खाली आहे," म्हटलं की तापत. "तू त्याचा आवाज आहेस काय?" फोनवर कुणी त्यांना विचारलं आणि काकी "हो, आहेत ना घरी," म्हणाल्या, तरी हे आतून ओरडत, "मी आहे ते मी सांगीन!"

काकी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत. "ह्यांका हजेरी घेतल्याबिगर घास उतरणा नाय, बाबा. लग्नात माझां नाव घेवक सांगल्यानी, तर हे माकाच म्हणतत, आधी 'हाजिर' म्हण."

सोसायटीकडून त्यांना एकच गोष्ट हवी होती. दर वर्षी अर्ज करत. जमिनीखालची पाण्याची टाकी साफ करायला माणसं उतरतात, तेव्हा त्यांच्या नावांची यादी झाकणाजवळ लावावी, आणि पाणी सोडण्याआधी प्रत्येकाने आपापल्या तोंडाने हजेरी द्यावी. दुसऱ्याने दुसऱ्याची दिलेली चालणार नाही. मी तीन वर्षं तो अर्ज 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला. खरं सांगायचं तर मला हसू यायचं. तीन माणसं टाकी धुणार, त्यांची शाळेसारखी हजेरी? चौथ्या वर्षी काका दमले होते, की मी दमलो होतो, कोण जाणे, मी म्हटलं, "ठीक आहे, लावा यादी."

त्या सकाळी ते प्लास्टिकची खुर्ची घेऊन टाकीच्या झाकणाशी बसले. मांडीवर कागद, त्यावर तीन नावं: इक्बाल, रमेश, भोला. इक्बाल त्यांचा मुकादम. आमच्या टाकीचे दोन कप्पे आहेत. मध्ये भिंत, भिंतीच्या तळाला गुडघाभर उंचीचं भोक. एक झाकण वॉचमनच्या केबिनमागे, जिथे काका बसले होते, दुसरं पार्किंगमध्ये. माणसं उतरली, भिंती धुतल्या, गाळ काढला. नळाला पाणी यायची वेळ संपत आली होती. वरून खिडक्या उघडल्या. "सेक्रेटरी, आज पाणी मिळणार का?" "सेक्रेटरी, आमच्याकडे पाहुणे आहेत!" "सेक्रेटरी, डोक्याला शाम्पू लावून बसलोय!"

याच गडबडीत शहा गाडीची किल्ली फिरवत आले. "गाडी जरा पुढे घेऊ का? झालं ना तिकडचं?" मी म्हटलं, "हो हो, घ्या." वॉचमनने पार्किंगमधलं झाकण बसवलं आणि शहांच्या गाडीचं चाक त्यावर आलं. हे मला त्या वेळी दिसलंही नाही. माझा तो पहिला 'हो'.

काकांची गोळीची वेळ झाली. उठताना त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "मी आल्याशिवाय सोडलंस तरी चालेल. पण नावं घे. आवाज ऐक."

मी घेतली. "इक्बाल?" "हाजिर, साब." "रमेश?" "हाजिर." "भोला?"

काही नाही.

"भोला?" मी परत म्हटलं. इक्बाल टेम्पोवर पाइप बांधत होता. तो मागे न बघताच म्हणाला, "चाय पे गया होगा, साब." वरून कुणीतरी परत ओरडलं. मी भोलाच्या नावापुढे टिक केली. काकांच्या खिडकीतून आवाज आला, "तिघे?" मी ओरडलो, "तिघे!" आणि वॉचमनला व्हॉल्व्ह सोडायला सांगितला. कॉलेजात मी मित्रांच्या नावाने इतक्या हजेऱ्या लावल्या आहेत की माझी जीभ त्या कामात तरबेज आहे.

काका खाली आले तेव्हा टाकी भरायला लागून पाच-सात मिनिटं झाली असतील. त्यांनी यादी बघितली.

"भोलाचा आवाज ऐकलास?"

"काका, टिक आहे ना."

ते वाद घालत बसले नाहीत. झाकणाशी ओणवे झाले आणि वॉचमनची बॅटरी मागितली. मीही वाकलो. नळातून येणारं पाणी स्वच्छ होतं. टाकी धुतलेली, म्हणजे आतलंही स्वच्छच हवं. पण भिंतीच्या भोकाकडून एक मातकट रेघ हळूहळू अलीकडे येत होती.

"रंग बघ," काका म्हणाले. आणि मग सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं ओरडले, "बंद! पाणी बंद!"

वॉचमनने व्हॉल्व्ह आवळला. काकांनी तोंड झाकणात घातलं. "भोला! ए भोला!" इक्बाल टेम्पोवरून उडी मारून आत उतरला आणि भोकातून हात घालून पाणी सपासप मारायला लागला. मिनिटभराने त्या भोकातून भोलाचं डोकं आलं, मग रांगत बाकीचा भोला. पलीकडच्या कप्प्यातल्या कोपऱ्यात गाळ राहिला होता, तो खरवडायला परत गेला होता म्हणे. कानात गाणी. पाणी पोटरीला लागलं तेव्हा त्याला वाटलं, वरून कुणीतरी धुवायला सोडलंय. वर येऊन त्याने आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, "क्या हुआ, साब?"

काय होणार होतं ते इक्बालने शहांच्या गाडीचं चाक बघितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं. आणखी दहा मिनिटं, आणि ते भोक पाण्याखाली. वरचं झाकण गाडीखाली. आणि कागदावर माझी सुबक टिक.

मला वाटलं, आता काका मला फाडून खाणार. ते खुर्चीत बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "सेक्रेटरी, मला घरी ने." दारापाशी मी त्यांना आधार दिला, त्याही वेळी त्यांनी चौकटीला तळहात लावला.

काकी देवळात गेल्या होत्या. मी पाणी आणून दिलं. ते प्याले नाहीत, नुसता पेला धरून बसले आणि बोलायला लागले. इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"खाणीत शिफ्ट संपत आलेली. पन्हळीत एक मोठा दगड अडकला, म्हणून तोफ बंद केली. माझ्या जोडीचा लखन पहार घेऊन खाली गेला. दगड सुटला. वरच्या पंपघराचा फोन माझ्या हातात. तिकडून विचारलं, सब पीछे? म्हणजे सगळे तोफेच्या मागे आलेत ना. मी नावं घेतली. लखनचं उत्तर आलं नाही. कोणीतरी म्हणालं, पीछे है, बीडी पी रहा है. सगळ्यांना घरी जायचं होतं. मलापण. मी फोनवर म्हटलं, हां, सब पीछे. पाणी सुटलं."

"आणि तो..."

"तो पन्हळीतच होता. दोन पाय होते त्याला, त्यानंतर एक राहिला."

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"मेला असता तर एकदाच रडलो असतो," काका म्हणाले. "तो जगला. खाली उतरता येईना, म्हणून त्याला वर दिवे वाटायच्या खिडकीवर बसवला. प्रत्येक माणसाने खाली जाण्याआधी त्याच्या हातून दिवा घ्यायचा. बारा वर्षं रे. रोज. मी समोर उभा राहिलो की तो दिवा पुढे करायचा, पण सोडायचा नाही. एका बाजूने त्याचा हात, एका बाजूने माझा. आणि म्हणायचा, 'वामन रेडकर?' मी 'हाजिर' म्हटलं की सोडायचा. बाकी त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. बारा वर्षांत एक नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं."

"तुम्ही माफी नाही मागितली?"

"मागितली. पहिल्याच दिवशी. तो म्हणाला, 'बाबू, लाइन में पीछे लोग खड़े हैं.'" काकांनी पेला खाली ठेवला. "ती हजेरी माझी नाही, सेक्रेटरी. त्याची आहे. मी फक्त चालू ठेवली. आज तुझ्या हातात दिली तर..." आणि मग, बहुतेक माझा चेहरा बघून, "जाऊ दे. तू एकटाच गाढव नाहीस. चल, मी जरा पडतो."

त्यानंतर टाकीच्या हजेरीला मी कधी हसलो नाही. भोला पुढच्या वर्षी आला तेव्हा यादीतलं पहिलं नाव त्याचं लिहिलं, आणि तो दोनदा ओरडला.

मग आमच्याकडे बिल्डिंग पाडून नवी बांधायचं वारं आलं. आजूबाजूच्या सगळ्याच इमारती पडत होत्या. दिवसभर धडधड आणि घराघरांत पिठासारखी धूळ. काकांना खोकला जडला. मी म्हटलं, खाणीचा असेल. ते हसले आणि त्या हसण्यानेच खोकले. "आमच्या खाणीत धूळ नव्हती रे. सगळं ओलं. कोळशात जन्म गेला तेव्हा छाती साफ होती. ही मुलुंडची कमाई." पुढे पुढे खिडकीतून ओरडणं बंद झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या बायका मला विचारायच्या, "काका बरे आहेत ना?" मी "हो" म्हणायला तोंड उघडायचो, आणि मग म्हणायचो, "विचारून सांगतो."

सह्या झाल्या, तारखा झाल्या. काका-काकींचं लेकीकडे चेंबूरला जायचं ठरलं. तिथे चार महिन्यांनी काका वारले. त्या दिवशी मी चुकीच्या स्मशानभूमीत पोचलो. एका अनोळखी माणसाच्या पायाशी हार ठेवून वीस मिनिटं हात जोडून उभा राहिलो. त्याच्या मुलाने माझे आभारही मानले. खरा पत्ता कळून चेंबूरला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. काकींच्या पाया पडलो. त्या म्हणाल्या, "तू येतलंस म्हणान ठावक होता. उशीर करतलंस ह्याही ठावक होता."

त्यामुळे मला काका शेवटचे दिसले ते आम्ही बिल्डिंग सोडली त्या दिवशीच.

सकाळपासून टेम्पो भरत होते. घरं रिकामी झाली, दारं सताड उघडी. बिल्डरचा माणूस पिवळं हेल्मेट घालून फाटकाशी उभा होता. त्याला पाणी आणि वीज तोडायची होती, फाटकाला कुलूप लावायचं होतं. तो मला म्हणाला, "साहेब, सगळे बाहेर ना? तेवढं हो म्हणा, की मी सुरू करतो."

मी नऊ वर्षं दमलेला माणूस. सामान टेम्पोत तसंच पडलेलं, भाड्याच्या घराची किल्ली अजून मिळायची होती. 'हो' अगदी ओठांवर होता. काका तिथेच, लेकीच्या गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. काच खाली. माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याकडच्या गटारात बिल्डिंगची धूळ धुऊन जाणारं पाणी बघत होते.

मी खिशातून सभासदांची यादी काढली आणि फाटकाशी उभं राहून नावं पुकारायला लागलो. लोक वैतागले. "अरे काय शाळा चालवलीय?" कुणी टेम्पोतून ओरडलं. पण उत्तरं आली. शहा सुद्धा "हाजिर" म्हणाले, त्यातही सुरतेचा सूर. एकेक टिक होत गेली.

"वामन रेडकर?"

"आसत रे आसत!" काकी मागच्या सीटवरून म्हणाल्या. "गाडीत बसलेत. टिक कर नि सोड आमका. ह्यांका बोलूक दम लागता."

मी टिक केली नाही. पेन धरून उभा राहिलो. बिल्डरचा माणूस माझ्याकडे, मग घड्याळाकडे बघायला लागला. लेकीने गाडी सुरू केली होती, तिने परत बंद केली.

काकांनी आधी हात वर केला आणि गाडीच्या छताला तळवा लावला. मग श्वास घेतला. तो अर्ध्यात तुटला. पुन्हा घेतला.

"हाजिर," ते म्हणाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचेल असं नाही. माझ्यापर्यंत.

मी टिक केली.